तांबडीची रवण, नऊ पिल्लं आणि वहीतला नवा रकाना

रवणीचा पहिला दिवस
आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला (रवणीला) बसली. तीन दिवस घरट्यातून हलेना, हात नेला की पिसं फुलवून चोच मारायची. मागच्या खेपेला हावरेपणाने 15 अंडी सरकवली होती. कडेची गार पडायची, ती ढकलून आत घेतली की दुसरी गार. निम्मी वाया गेली. यंदा बाराच, तीही आठवड्याच्या आतली, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली. अंधार पडल्यावर पोटाखाली सारली.

सातवा दिवस
खोक्याला भोक पाडून आत बॅटरी लावली आणि एकेक अंडं भोकावर धरलं. एक साफ कोरं. दुसऱ्यात नुसतं लाल कडं, म्हणजे जीव धरून मेलेलं. दोन्ही काढली. बाकी दहांत तांबूस शिरांचं जाळं आणि मध्ये कोळ्यासारखा ठिपका. एका अंड्यातला ठिपका हलला! बॅटरीचा शेक लागेल म्हणून लगेच परत ठेवलं. नाहीतर बघतच बसलो असतो.

एकविसावा दिवस
दहापैकी नऊ फुटली. पोटात बलक असतो, त्यामुळे पहिला दीड-दोन दिवस खाल्लं नाही तरी पिल्लाचं चालतं. पाणी मात्र लगेच ठेवलं, उथळ ताटलीत, वर खडे पसरून. मागे एक पिल्लू वाटीतल्या बोटभर पाण्यात बुडालं होतं.

पिल्लं 7 दिवसांची
मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस, नाव लासोटा, डोळ्यात एकेक थेंब. अडचण नेहमीचीच: बाटली शेकड्याच्या हिशोबाची, पिल्लं नऊ, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. म्हणून आजूबाजूच्यांनाही आपापली पिल्लं घेऊन बोलावलं. बाटली बर्फात, लस दिवेलागणीला. शेजारच्या कोंबड्या तशाच राहिल्या तर रोग कुंपण बघून थांबत नाही, हे काहींना पटवावं लागलं.

पिल्लं 3 आठवड्यांची
या खेपेचा सगळ्यात कामाचा शोध. डालगं पालथं घालून विटांवर चार बोटं उचललं आणि खाद्य आत ठेवलं. पिल्लं खालून सुळकन आत शिरतात, मोठ्या कोंबड्या बाहेर चरफडतात. आधी भरडा मोठ्याच फस्त करायच्या आणि मी म्हणायचो, पिल्लं वाढत का नाहीत!

पिल्लं 5 आठवड्यांची
एक घारीने नेलं. दुसरं रक्ती हगवणीने गेलं. चूक माझी, पाण्याच्या भांड्याजवळचा भुसा ओला होता आणि दोन दिवस 'उद्या बदलू' म्हणत राहिलो. सगळी गादी काढून कोरडा भुसा घातला. उरली सात. याच आठवड्यात तांबडीला पिल्लांपासून तोडलं. दोन दिवस ओरडली, पण पंधरवड्यात अंड्यावर आली. गेल्या खेपेला पिल्लं मागे घेऊन तीन महिने हिंडली होती.

पिल्लं 8 आठवड्यांची
आता वहीबद्दल. इतके दिवस एकच रकाना होता: विकलेली अंडी. मागची पानं चाळली तेव्हा लक्षात आलं, घरात फक्त तडकलेली येत होती. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात म्हणून लोकांना सांगत फिरायचो आणि स्वतःची मुलं कोरडी. आता 'घर' हा रकाना आधी. रोजची पहिली दोन अंडी मुलांची, उरतील ती विकायची. खाद्य त्यातूनच भागवायचं, कमी पडलं तर कोंबड्यांना चरायला जास्त वेळ सोडायचं. पहिल्या आठवड्यात विक्री घटली, तेव्हा हात आखडत होता, खोटं कशाला बोलू. अजून दोनदा नियम मोडलाय.

सातांत चार नर दिसतात, तुरे आत्ताच लाल. पैदाशीला एक पुरे, आणि तो बाहेरून अदलाबदलीत आणेन, याच रक्तातला नको. तीन तलंगा, म्हणजे तरुण माद्या, ठेवणार.

तांबडी कालपासून पुन्हा घरट्यात ठाण मांडून बसलीय. इतक्यात खुडूक व्हायची नाही असं वाटतंय, पण सकाळी हात नेला तर पिसं फुलवली.