चप्पल लाईनची वेबसाईट: तिसरा आठवडा

रविवारी कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, मित्राच्या मामांच्या दुकानी बसलो आणि मी बनवतोय ती साईट त्यांच्याच मोबाईलवर उघडून दिली. त्याआधी चार दोस्तांना दाखवली होती. चौघंही म्हणाले, "भारी झालीया भावा." बरं वाटलं, पण बदलायचं काय ते कळेना. म्हणून मामांना "कशी वाटली?" हे विचारलंच नाही. म्हटलं, "मामा, कापशीची किंमत काढून दाखवा बघू," आणि गप्प बसलो. कापशी म्हणजे कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार.

किंमत त्यांना सापडेना. पांढरट पानावर सोनेरी अक्षरं घरात झकास दिसत होती, दुकानाच्या दारातल्या उन्हात पार पुसली गेली. घरी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पान यांच्या उजळपणातला फरक, मोजला तर २.३:१. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो. आता अक्षरं गडद तपकिरी केलीत.

मग मामांनी आपणहून दोन बोटांनी फोटो ताणला. "हितं वेणी दिसंना झालीया पोरा." पान लवकर उघडावं म्हणून मी फोटो ६०० पिक्सेलवर आणले होते, आणि गिऱ्हाईक चप्पल हातात घेऊन बघतं ती चपलेवरची चामड्याची वेणीच! साधनं कुठली घ्यायची ते तिथंच ठरलं. फोटोंना गिम्प हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर: मूळ फोटोवरून पुन्हा १६०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या फाईल प्रकारात. कान, पट्टा, वेणी, गोंडा हे चपलेचे भाग दाखवणारं चित्र मात्र इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, एसव्हीजी प्रकारच्या फाईलीत. त्यात ठिपके नसतात, रेषेचं गणित साठवलेलं असतं, त्यामुळं कितीही ताणा, कड फुटत नाही. चित्रातली नावं शेवटी पाथ, म्हणजे नुसत्या रेषांचे आकार, करून टाका, म्हणजे समोरच्याकडं फॉन्ट नसला तरी चालतं. पण आधी मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, पाथ केल्यावर अक्षर दुरुस्त होत नाही.

एक संध्याकाळ 'चप्पल'मधल्या ल आणि 'कापशी'मधल्या श पायी गेली. दोन्ही हिंदी वळणाचे उमटत होते. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलं आणि मराठी रूपं असलेला फॉन्ट घेतला, तेव्हा पाकळीचा ल आणि देठाचा श आला. कोल्हापूरच्या दुकानाच्या पाटीवर तोच शोभतो.

काल चित्र दाखवलं. मामांनी वेणी पुरी मोठी केली, बोटानं एकेक पदर मोजला आणि तिसऱ्यावर थांबले. "ह्यो खालनं गेलाय. वरनं जायला पायजे."

आज रात्री वेणी पुन्हा काढायला घेतोय, त्यांनी दिलेली खरी वेणी समोर ठेवून.