एक्स-रे छान आहे, मग दुखतंय ते काय?

गुडघा बदलल्याला चौथा महिना लागला होता. काकू मुलीचा हात धरून आत आल्या आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "माझं ऑपरेशन फसलंय. तेवढं फक्त कुणीतरी खरं सांगा."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. असं बोलणारे पेशंट अधूनमधून येतात, पण काकूंच्या आवाजात जो थकवा होता तो ऐकून मी पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं. फाइल उघडली. सर्जननी नुकतंच तपासलं होतं. सांधा जागच्या जागी, रक्ताच्या तपासणीत जंतुसंसर्गाची खूण नाही. बातमी चांगलीच होती. पण ज्याचा पाय रात्रभर ठणकतो त्याला "एक्स-रे छान आहे" हे वाक्य "तुम्ही उगाच कुरकुरताय" असंच ऐकू येतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, धातू दिसतो. स्नायू, त्वचेच्या नसा, आखडलेल्या शिरा त्यात कुठून दिसणार?

"काकू, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा."

आधी त्यांनी अख्खा पंजा गुडघ्यावर ठेवला. सगळंच दुखतं म्हणाल्या. मी थांबलो. मग बोट हळूहळू फिरायला लागलं आणि एकाच्या जागी तीन दुखणी निघाली.

पहिलं व्रणाच्या बाहेरच्या बाजूला. तिथे बोट लावलं तर कळत नाही, आणि कपडा घासला की मात्र शिरशिरी येते. गुडघ्यावर समोरून उभी चीर देतात तेव्हा आतल्या बाजूने बाहेर जाणाऱ्या त्वचेच्या बारीक नसा तुटतात. त्यामुळे बहुतेकांना तिथे बधिर पट्टा राहतो. महिने जातात तसा तो लहान होतो, काहींचा थोडा कायमचा उरतो. चालण्याला त्याने काही बाधा येत नाही. हे ऐकल्यावर काकू मुलीकडे वळून म्हणाल्या, "मला वाटत होतं आत काहीतरी सडतंय." इतके दिवस त्या ही भीती मनात धरून होत्या!

दुसरं दुखणं म्हणजे गुडघ्याभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटणं, संध्याकाळी जास्त. हात लावला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा हा कोमट लागत होता. आधी पोटरी दाबून पाहिली. ताप, व्रणातून पाणी येणं, धाप लागणं, सगळं विचारून घेतलं. यातलं काही असतं तर व्यायाम बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिने सूज आणि ऊब राहणं नेहमीचं आहे, काहींना त्याहून जास्त काळ राहते. पण सूज नुसती बसून राहत नाही. सांध्यात पाणी असलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच कमी होतो. माणूस जीव तोडून पाय ताणतो आणि स्नायू अर्धाच उठतो. काकूंची ती मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा उघड बारीक दिसत होती.

तिसरं, गुडघ्याच्या मागची ओढ. झोप मोडायची ती याने.

त्यांना उताणं झोपवलं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि पाय सैल सोडायला सांगितला. गुडघा खाली यायला हवा होता, तो अधांतरीच राहिला. कोन मोजला. पूर्ण सरळ व्हायला 10 अंश कमी पडत होते. वाकत मात्र होता 115 पर्यंत, आणि तो आकडा काकू अभिमानाने सांगत होत्या, कारण सगळे तेवढंच विचारतात, "किती वाकतो?" सरळ किती होतो हे फारसं कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तिथेच मोठी गफलत होते. जिना चढायला साधारण 90 अंश वाकणं लागतं. पण सरळपणा तर प्रत्येक पावलाला लागतो. गुडघा सरळ असला की उभं राहायला मांडीला फारसं काम पडत नाही. जरासा वाकलेला राहिला की ती एक क्षण सुटी घेऊ शकत नाही.

"रात्री पाय कसा ठेवता?"

मुलगी पटकन म्हणाली, "गुडघ्याखाली मऊ उशी देते मी. आईला तेवढंच बरं वाटतं."

बरं वाटणारच. सुजलेल्या सांध्यात थोडं वाकल्यावर सर्वांत जास्त जागा होते, ताण उतरतो. पण रात्रीमागून रात्री तसंच राहिलं की मागचा भाग आखडतो. मुलीचा चेहरा पडला. मी तिला म्हटलं, "ताई, उशी राहू दे. फक्त टाचेखाली सरकव."

मग आम्ही कामाला लागलो. टाच उंच ठेवून दिवसातून थोड्या थोड्या वेळाने पाय सैल सोडायचा. गुडघ्याची मागची बाजू पलंगावर दाबून पाच सेकंद धरायची. संध्याकाळी कापडात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं. व्यायाम करताना दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. खुब्याचं दुखणंही गुडघ्यात जाणवतं, म्हणून खुबा फिरवून पाहिला. तो मोकळा होता.

"सगळं जाईल ना?" काकूंनी विचारलं. मी शब्द दिला नाही. गुडघा बदललेल्या साधारण पाचांतल्या एकाला पुढेही थोडंफार दुखत राहतं, आणि सुधारणा वर्षभर चालू असते, हे जसं आहे तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "हे चालेल. निदान काय आहे ते कळलं."

पुढच्या काही आठवड्यांत 10 चे 3 अंश झाले. रात्रीची ओढ जवळजवळ गेली. संध्याकाळची सूज कमी झाली, गेली नाही. बधिर पट्टा आहे. जिना उतरताना काकू अजून कठडा धरतात आणि नवा गुडघा जमिनीवर टेकून त्यावर भार देणं त्यांना नको वाटतं. मध्यंतरी दुसऱ्या गुडघ्याचा विषय निघाला. शस्त्रक्रिया करायची की नाही, कधी, ते सर्जनच ठरवतील. पण ठरली तर त्याआधीच मांडी बळकट असलेली बरी, असं मी म्हटलं. त्या दिवसापासून काकू दोन्ही पायांचे व्यायाम करतात.