मांडीवरचं गाठोडं

अ‍ॅट्रोपिनचा तिसरा डोस गेला आणि निवासी डॉक्टरचा हात थांबला. औषधाच्या काचेच्या एकवीस रिकाम्या अ‍ॅम्प्यूल ट्रेमध्ये पडल्या होत्या. सिस्टर पुढच्या चोवीस फोडायला घेणार, तेवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, नाडी एकशे अठ्ठावीसवर गेलीय. अजून द्यायचं?”

मी खाटेच्या पायथ्याशी हात पाठीमागे बांधून उभी होते. शिकवताना आपलेच हात पुढे धावतात, म्हणून ही सवय लावून घेतली आहे. “छातीत काय ऐकू येतंय?” एवढंच विचारलं.

तिने स्टेथोस्कोप टेकवला. दोन्ही बाजूंनी, मागून, पुढून. “ओलीच आहे.”

“मग?”

तिने सिस्टरकडे बघून मान हलवली. चोवीस अ‍ॅम्प्यूल फुटायला वेळ लागतो. त्या वेळात खोलीत फक्त काचेचा टकटक आवाज होता.

ती फॅमिली मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. आमच्या ग्रामीण रुग्णालयात येऊन तिला पाचच आठवडे झाले होते. जिथून आली तिथे असा रुग्ण दारातूनच अतिदक्षता विभागात जातो. इथे आम्ही दोघी, दोन सिस्टर, ऑक्सिजन आणि एक मॉनिटर. व्हेंटिलेटर तीन तासांच्या रस्त्यावर.

माणूस चाळिशीचा. सोबतच्या चिठ्ठीवर ऊन लागल्याचं लिहिलेलं. उलट्या, दरदरून घाम, ग्लानी; वाचणाऱ्याला पटावं असंच. पण तिने मनगट धरलं आणि चिठ्ठी बाजूला ठेवली. उन्हाने कोसळलेल्या माणसाची नाडी सहसा धावत असते, याची बावन्न होती. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तोंडातून लाळ, छातीत घरघर, दंडाचे स्नायू कातडीखाली थरथरत होते. सदऱ्याला लसणासारखा उग्र वास. सकाळपासून फवारणी चालली होती, हे बायकोने विचारल्यावर सांगितलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

सेंद्रिय फॉस्फरस गटातलं कीटकनाशक शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराला जखडून टाकतं. मग अ‍ॅसिटिलकोलिन, म्हणजे हे विकर एरवी मोडतं ते नसांचा निरोप नेणारं रसायन, साचत जातं आणि ग्रंथी पाझरतच राहतात. असा माणूस आपल्याच फुप्फुसांतल्या पाण्यात बुडतो. अ‍ॅट्रोपिन हे पाझरणं थांबवतं, पण ते किती लागेल याचा आकडा कुणी आधी सांगू शकत नाही. म्हणून १.८ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि दर पाच मिनिटांनी छाती ऐकून, सुधारणा नसेल तर डोस दुप्पट करायचा. आमच्याकडच्या अ‍ॅम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमच्या, म्हणजे तीन, सहा, बारा, चोवीस. बांगलादेशात चितगावला या दुपटीच्या पद्धतीची जुन्या पद्धतीशी तुलना झाली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीत २२.५ टक्के रुग्ण दगावले होते, दुपटीच्या पद्धतीत ८ टक्के. औषध तेच, फरक फक्त ते कसं दिलं याचा. हे मी प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगते, कारण व्हेंटिलेटर नसलेल्या जागीही जे हातात आहे ते एवढं मोठं आहे, हे त्यांना कळायला हवं.

वेगाने धावणारी नाडी भीती घालते, हे खरं. पण ती ऑक्सिजन कमी पडल्यानेही धावते. छाती ओली असताना तेवढ्या कारणाने हात आखडायचा नसतो. चौथ्या डोसनंतर पाच मिनिटांनी तिने पुन्हा ऐकलं, काखेत हात घालून पाहिला. काख कोरडी. छाती मोकळी. तिने स्टेथोस्कोप काढून मला दिला, मी ऐकावं म्हणून. मी ऐकलं. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्यासाठी मी हे काम करते.

एकूण २७ मिलिग्रॅम गेलं होतं. त्याच्या दहा टक्क्यांनी दर तासाचं सलाईन लावलं. हलवण्याचा विचार मी त्या रात्री बाजूला ठेवला. मला वाटलं, अवघड भाग संपला.

ती मात्र दारातून बाहेर बघत होती. बाकावर रुग्णाची बायको बसली होती, पदराने सारखे डोळे पुसत. येणारे-जाणारे तिला धीर देत होते, “रडू नका, आता बरे आहेत ते.” मीही जाताना खांद्यावर हात ठेवून तेच म्हणाले होते.

निवासी डॉक्टर तिच्यासमोर उकिडवी बसली. “ताई, रडू येतंय का, की डोळ्यांतून नुसतं पाणी येतंय?”

बाई जरा थांबल्या. “रडत नाहीये मी. पाणी थांबतच नाही. अन् सगळं धूसर दिसतंय.”

टॉर्च लावला. दोन्ही बाहुल्या टाचणीएवढ्या. नाडी अठ्ठावन्न. बोलताना तोंडात लाळ साचत होती, ती पदराने टिपत होत्या. आणि मांडीवर एक गाठोडं. नवऱ्याचे फवारणीचे कपडे. आम्हीच ते उतरवून घेतले होते, त्याला साबणाने धुऊन काढलं होतं, आणि कुणीतरी ते गोळा करून बायकोच्या हातात दिले होते. त्याआधी गाडीत तासभर तिने त्याला छातीशी धरून आणलं होतं. म्हणजे तीन तास ते विष तिच्या कातडीला लागून होतं, त्यांतले शेवटचे दोन आमच्या दारात.

कपडे बंद पिशवीत, वेगळे ठेवायचे, ही माझी जबाबदारी होती. ते बघायचं माझ्याकडून राहिलं. त्या रात्री सगळ्यांसमोर मी ते सांगितलं आणि आजही सांगते, कारण निवासी डॉक्टरांना आमचं बरोबर उत्तर जेवढं दिसतं तेवढी चूकही दिसली पाहिजे. बाईंनाही नखशिखांत धुतलं, दोन डोस पुरले. चौदा वर्षांचा मुलगा घरी होता, त्याने फवारणीचं औषध कालवलं होतं. त्यालाही बोलावून घेतलं. तो ठीक होता, तरी रात्रभर ठेवला.

रुग्ण दुसऱ्या दिवशी उठून बसला. घरी कधी सोडणार, विचारू लागला. अशा वेळी सुट्टी द्यायचा मोह होतो. पण १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियेद्दे या डॉक्टरांनी दाखवून दिलं की पहिलं संकट टळल्यावर, साधारण एक ते चार दिवसांत, मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. त्यावर अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होत नाही. निवासी डॉक्टरला मी एकच काम दिलं: दर चार तासांनी उशीवरून मान उचलायला सांगायची आणि एका श्वासात किती आकडे मोजतो ते लिहायचं.

तिने रात्रीचेही सोडले नाहीत. वहीत पंचवीस, चोवीस, चोवीस, एकोणीस. तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता अकरा, आणि मान उशीवरून निघेना. ऑक्सिजनचा आकडा अजून चांगलाच होता. मॉनिटरवर विसंबून राहिलो असतो तर आणखी काही तास गेले असते आणि श्वासनलिकेत नळी रस्त्यात कुठेतरी, घाईत घालावी लागली असती. आम्ही ती इथेच, शांतपणे घातली. अँब्युलन्समध्ये तीन तास हाताने फुगा दाबत ती त्याच्याबरोबर गेली. तिकडे नऊ दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. दहाव्या दिवशी स्वतःच्या श्वासावर आला.

तो घरी परतल्यावर आठवडाभराने आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. घरी जाऊन बघणं हा या प्रशिक्षणाचाच भाग आहे, पण वेळ कमी पडला की सगळ्यात आधी तेच गळतं. त्याच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, तळहाताएवढा लालसर डाग राहिला होता. तिने फवारणीचा पंप बघायला मागितला. हातमोजे घालून त्यात साधं पाणी भरलं आणि पंप खुंटीला टांगला. झाकणाखालचं वॉशर झिजलेलं. पाणी बारीक धारेने पट्ट्यावरून उतरत होतं, बरोबर डागाच्या उंचीला. नवराबायको दोघंही बघत राहिले.

“इतके दिवस घामच वाटायचा,” तो म्हणाला.

तिने वॉशर काढून कागदात गुंडाळलं. मग विचारलं, “हा पंप आणखी कोण वापरतं?”

“शेजारचे दोघं नेतात कधीकधी.”

ती उठली. पिशवी खांद्याला लावत बाईंना म्हणाली, “त्यांचं घर दाखवाल?”