ट्रेलरवरची होडी पावसाळ्यात कशी सांभाळायची

जून लागला की आमच्या गोव्यातल्या शिवोलीच्या बाजूला घराघरांच्या गेटच्या आत ट्रेलरवर होड्या दिसायला लागतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मच्छीमारी बंद, समुद्र खवळलेला, मग गरी टाकायला जाणारी हौशी मंडळी पण होडी घरी आणून वर ताडपत्री टाकतात ती थेट चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर काढतात. मधल्या काळात तिच्याकडे कोणी बघत नाही आणि रात्री पाऊस असा कोसळतो की बाहेर कोणी चेन कापली तरी आत कळणार नाही.

आधी मोटरचं बघा, कारण बऱ्याचदा चोराचा डोळा तिच्यावरच असतो. अख्खी होडी लपवणार कुठे, पण पंधरा एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटर, दोघं जण सहज उचलून गाडीत टाकतात, आणि छोट्या मोटरी तर नुसत्या दोन स्क्रू-क्लॅम्पवर असतात, हाताने फिरवले की सुटल्या. म्हणून जमत असेल तर मोटर काढून घरात स्टँडवर उभी ठेवा, माझ्या मते याच्यासारखं दुसरं काही नाही. नाहीच जमलं तर दोन्ही स्क्रूच्या मुठींवर बसणारं लॉक मिळतं ते लावा. बॅटरी, फिशफाइंडर (मासे शोधायचं यंत्र), पेट्रोलची टाकी पण आत घ्या.

ट्रेलरचं म्हणाल तर बरेच जण हिचच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या जोडाच्या, खटक्याला साधं कुलूप घालून निवांत होतात. पण चोराला हिच लागतोच असं नाही, दोरीने गाडीला बांधून पण तो ओढून नेईल! एक चाक काढून एक्सलखाली लाकडी ठोकळे द्या, म्हणजे ट्रेलर हलतच नाही आणि टायर पण चिखलात कुजत नाही. चेन जाड, कडक पोलादाची घ्या, ट्रेलरच्या फ्रेममधून ओवा आणि जमिनीवर लोळत ठेवू नका, कारण चेन खाली पडलेली असली की कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अख्खं अंग टाकता येतं, ताणून वर धरलेल्या चेनवर तेवढा जोर लागत नाही. आणि प्लीज, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कुंपणात हुक ठोकून त्याला चेन बांधू नका. चिरा मऊ, पहारीने हुक बाहेर येतो. खड्डा खणून काँक्रीटमध्ये लोखंडी कडी बसवून घ्या, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आपल्या खाऱ्या हवेत साधी कुलपं एका पावसात गंजून बसतात, मग वैतागून लोक लावायचंच सोडतात. पितळेचं घ्या, चावीचं भोक खाली येईल असं लटकवा, अधूनमधून तेल सोडून उघडझाक करा.

होडी कुठे आहे ते कळवणारा जीपीएस ट्रॅकर लपवणार असाल तर फायबरच्या आत चालतो, बंद लोखंडी पेटीत सिग्नल मिळत नाही. चवथीला सगळे मूळ घरी जातात तेव्हा चार्ज करून जा आणि शेजाऱ्यांना सांगून जा.

मोटरच्या ब्रॅकेटवरच्या सिरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो आजच काढून ठेवा, तक्रार द्यायला गेलात की तोच लागतो. सेकंडहँड मोटर घेताना पण तो नंबर बघा, घासलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. ती कोणाच्या तरी अंगणातून उचललेली असू शकते.