आमची वाटचाल: एनटी-प्रोबीएनपीची जोडी

रत्नागिरीतले आमचे युनिट लहान आणि उत्पादन एकच: हृदयविकारात रक्तातले एनटी-प्रोबीएनपी हे प्रथिन मोजायला लागणारी अँटीबॉडीची जोडी. अँटीबॉडी म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारे प्रथिन; जोडीतली पहिली त्याला पकडते, दुसरी तो सापडल्याची खूण देते. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी 108 अमिनो आम्लांचे प्रोबीएनपी बनवतात. त्याचे दोन तुकडे पडतात, 32 चे बीएनपी आणि 76 चे एनटी-प्रोबीएनपी. आम्ही दुसरा धरला. बीएनपी नळीतही लवकर विरते. गुहागर-राजापूरहून नमुना एसटीने येईपर्यंत त्याचा भरवसा नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अँटीबॉडीने प्रथिनावर कुठे चिकटायचे ती जागा निवडण्यात. पहिली जोडी प्रथिनाच्या मध्यावर बसणारी होती. जिवाणूंत बनवलेल्या मानकावर, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रथिनावर, ती चोख चालायची, रुग्णाच्या रक्तात मात्र आकडा कमी दाखवायची. शरीरातल्या रेणूवर साधारण 28 ते 56 क्रमांकाच्या अमिनो आम्लांच्या पट्ट्यात साखरेच्या साखळ्या असतात आणि त्या अँटीबॉडीला चिकटू देत नाहीत. जिवाणू त्या साखळ्या लावतच नाहीत, म्हणून दोष दिसत नव्हता. मग मध्य सोडला आणि 13 ते 20 व 63 ते 71 या जागा घेतल्या. कुणाचीही जोडी विकत घेताना हे आधी विचारावे.

चाचणीच्या खाचांच्या (वेलच्या) प्लेटसाठी पहिली अँटीबॉडी मिलिलिटरला 2 मायक्रोग्रॅम, 9.6 पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये, प्रत्येक वेलला 100 मायक्रोलिटर, 4 अंशांवर रात्रभर. दुसरीला एचआरपी हे रंग आणणारे एन्झाइम थेट जोडतो. मध्ये दुवा म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व वापरणे मुद्दाम टाळले. केसा-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचा आकडा अशा दुव्यामुळे खोटा कमी येऊ शकतो. एचआरपी असलेल्या बाटलीत सोडियम अझाइड घालू नका, एन्झाइम मरते.

पावसाळा ही आमची खरी परीक्षा. सुकवलेल्या अँटीबॉडीची व्हायल फ्रिजमधून काढून लगेच उघडली, की दमट हवेतले पाणी आत धरते. तळाशी पांढरी, भुसभुशीत वडी असते, ती बघता बघता चिकट होऊन काचेला बसते. असा माल आम्ही फेकतो.

द्रवरूप मालाला उलटा धोका. डीप फ्रीझरमधला जेल पॅक थेट खेटला तर व्हायल गोठते आणि वितळल्यावर उजेडात धरली की आत पांढरे तंतू तरंगताना दिसतात. म्हणून पॅकला घाम फुटेपर्यंत तो बाहेर ठेवतो, मध्ये पुठ्ठा घालतो, मगच थर्माकोलचा खोका बंद करतो. सुकवलेल्या मालाच्या खोक्यावर मराठीतच छापले आहे: अर्धा तास बाहेर ठेवा, मग झाकण काढा.