बिलबुकावरचं नाव : आमची वाटचाल

२०११ च्या दिवाळीआधी मी आणि माझ्या भागीदाराने धंदा सुरू केला. तेव्हा आमच्याकडे एक सेकंड हँड रोटरी पॉलिश मशीन, दोन बादल्या आणि एक मोटारसायकल एवढंच होतं. ग्राहकाच्या दारात जाऊन गाडीच्या रंगावरचे डाग काढायचे, ही कल्पना माझी. बिलबुक छापायची कल्पना त्याची. त्या बिलबुकाचं पुढे सांगतो.

नागपुरात डागांना तोटा नाही. बेसा, मनीषनगरकडे बोअरचं पाणी. त्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की पांढरे गोल ठिपके बसलेच. सिव्हिल लाइन्सला झाडं, म्हणजे चीक आणि पाखरांची घाण. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की काळ्या बॉनेटला हात लावता येत नाही. त्या तापात क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मऊ पडतो, वर वाळलेली विष्ठा आक्रसते आणि खाली खळगा पडतो. सकाळचा डाग संध्याकाळी पाण्याने निघतो, दोन दिवसांनी त्याला पॉलिशच लागतं.

आमचे पहिले पक्के ग्राहक प्रतापनगरचे, गणिताचे निवृत्त मास्तर. आम्ही त्यांना काका म्हणतो. काळी सेडान, अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी. पहिल्याच दिवशी माझ्या भागीदाराने बॉनेटवरच्या वाळक्या विष्ठेला स्पंज लावला, तसे काका ओट्यावरून उतरले.

"काहून घासून राहिला बाप्पा? आधी भिजू तर दे!"

त्यांनी घरातून जुन्या धोतराचा तुकडा आणला, कोमट पाण्यात बुडवला आणि डागावर पसरला. दहा मिनिटं कोणाला हात लावू दिला नाही. मग चिमटीत धरून कापड सरळ वर उचललं. पुसलं नाही, उचललं. सगळी घाण कापडासोबत आली, खाली फक्त फिकट कडा उरली. आज माझ्याकडे चांगले जाड मायक्रोफायबर आहेत, रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी, म्हणजे क्ले बार आहे, रंगाची जाडी मोजायचा गेज आहे. पण नवीन पोरगा कामाला आला की पहिला आठवडा त्याला भिजवायला आणि उचलायलाच लावतो.

२०१२ ते २०१५ बरी गेली.

मग वर्धा रोडला मेट्रोचं आणि गावभर सिमेंट रस्त्यांचं काम निघालं. कामाजवळ उभ्या गाड्यांवर सिमेंटचे शिंतोडे बसायचे. सिमेंट नखाने खरवडलं तर बारीक खडीसकट ओरखडा उठतो. आमची रीत अशी : गाडी सावलीत, पत्रा थंड, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भिजलेलं कापड थोडा वेळ डागावर, लगेच भरपूर पाणी. विरघळेल तेवढं विरघळू द्यायचं, परत लावायचं. उरलेलं शॅम्पूच्या पाण्याचा ओलावा ठेवून क्ले बारने. एका गाडीला तीन-तीन तास जायचे. भागीदाराला हा वेळ परवडेना. २०१६ मध्ये तो वेगळा झाला आणि त्याने अर्ध्या दरात, अर्ध्या तासात सिमेंट काढून द्यायला सुरुवात केली.

कसं, ते मला नंतर कळलं. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड, भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर. सिमेंट जायचं हे खरं, पण दोन-तीन आठवड्यांत खिडक्यांच्या चकचकीत पट्ट्या पांढुरक्या पडायच्या आणि रंगावर ओघळ दिसायचे. आणि बिलं? ती आमच्या जुन्या बिलबुकावरची. वर आमचं नाव, खाली माझा फोन नंबर. वेगळं होताना अर्धा गठ्ठा त्याच्याकडे राहिला होता आणि माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

त्या पावसाळ्यात लोक माझ्या दारात येऊन भांडले. एकाने शेजाऱ्यांसमोर कॉलर धरली. मी अक्षर दाखवायचो, "ही सही माझी नाही" म्हणायचो, कोण ऐकतं? तीन बॉनेट मी स्वतःच्या खर्चाने रंगवून दिले. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दोन पोरं कामाला होती, त्यांना हात जोडून घरी पाठवलं. भागीदाराला फोन केला तर म्हणाला, "नाव तर दोघांचं होतं ना." हे वाक्य मी अजून विसरलो नाही आणि विसरणारही नाही. धंदा करणाऱ्यांना सांगतो : भागीदारी मोडताना पैशाआधी बिलबुक, शिक्का आणि नंबर लिहून ताब्यात घ्या.

काकांची गाडी आम्ही दर सोमवारी करायचो, त्या काळातही त्यांनी एकही सोमवार चुकवला नाही. त्यांच्या शाळेतले जुने सहकारी, त्यांचे जावई, एकेकाला आमच्याकडे पाठवायचे. २०१८ मध्ये पाटल्या सुटल्या.

आता विषय निघालाच आहे तर घरी करणाऱ्यांसाठी. भांड्यांच्या साबणाने दर आठवड्याला गाडी धुऊ नका, वॅक्स उतरतं. डांबराला लोक रॉकेल लावतात. लावलंत तर थोडंच, आणि लगेच शॅम्पूने धुवा. टूथपेस्ट म्हणजेही घासायची पावडरच, काळ्या गाडीवर तिचे गोल ओरखडे उन्हात दिसतात. डाग गेला असं वाटलं की नख हलकेच फिरवा. नख अडलं तर खोल आहे, तिथे थांबा. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. दर पॉलिशला त्यातलं थोडं जातं आणि गेलेलं परत येत नाही. मशीन वापरायचंच तर ड्युअल ॲक्शन घ्या, म्हणजे ज्याचं पॅड गोल फिरता फिरता इकडे-तिकडेही हलतं ते. रोटरीने कडेला रंग जळतो, आमच्याकडूनही सुरुवातीला एक दरवाजा जळला होता आणि तो आम्ही भरून दिला.

दोन वर्षांपूर्वी काकांनी ती काळी सेडान विकली. घेणारा वर्ध्याहून आला होता. बॉनेटवरून हात फिरवून म्हणाला, "रंग नवा मारला दिसते." मी गेज काढला. बॉनेट ११२ मायक्रॉन, छत ११८, दरवाजे ११० च्या आसपास. पुन्हा रंगवलेला पत्रा २०० च्या वर जातो, हे त्यालाही माहीत होतं. त्याने दुसऱ्यांदा गेज लावून बघितला आणि मग भाव केलाच नाही. काका ओट्यावर बसून सगळं बघत होते, काही बोलले नाहीत.

त्यांची नवी गाडी पांढरी आहे, पण उभी त्याच कडुनिंबाखाली असते. सोमवार सकाळी सातची वेळ अजून त्यांचीच.