तीन पाय बाहेर ठेवा

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात मे महिन्याच्या मध्यावर किरणोत्सव असतो. वर्षातले मोजके दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, उन्हाचे किरण गाभाऱ्यातल्या मूर्तीवर येतात. काही मिनिटांत सरूनही जातात. एरवी आत इतका अंधार की छतावरचा नरसिंह आणि कंसवध पाहायला लोक मोबाइलची बत्ती लावतात.

मेहकर तालुक्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो यावर घर चालतं. गेल्या वर्षी एका दिनदर्शिकेसाठी या किरणांचा फोटो काढायचं काम आलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही, इतका आनंद झाला. काम देणाऱ्यांना मी परवानगीचं विचारलं. ते म्हणाले, "२०१८ मध्येच फोटोबंदी उठली, बिनधास्त जा." मी तेवढ्यावर विसंबलो.

साडेनऊलाच पोहोचलो. मूर्ती उजळते तेव्हा मागचा दगड काळाच राहतो. दोन्ही एका फोटोत नीट यावं म्हणून कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो काढून ते एकावर एक बसवायचे होते. त्यासाठी कॅमेरा केसभरही हलून चालत नाही. सभामंडपात ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड, उघडला. माणसं वाढत होती, म्हणून तो उचलायच्या ऐवजी थोडा मागे ओढला.

पहारेकरी काका आले. वय साठीकडे झुकलेलं.

"भाऊ, फोटो काढा, कोन नाई म्हनते? पन हे तीन पाय बाहेर ठेवा."

"काका, सगळे मोबाइलनं काढून राह्यले, मग मले काऊन नाही?"

"मोबाइल हातात हाय. तुमचं जमिनीवर हाय. लेखी पत्र हाय काय?"

पत्र नव्हतं. माझा आवाज चढला. मी २०१८ चा हवाला दिला, लांबून आलोय म्हणालो. काका काही बोलले नाहीत. खाली वाकले आणि बोटानं फरशी दाखवली. ट्रायपॉड ओढला होता तिथं वीतभर पांढुरकी रेघ उमटली होती. एका पायाचं रबरी बूच कधीतरी गळून पडलं होतं आणि आतलं टोकदार लोखंड उघडं पडलं होतं. मी अंगठ्यानं रेघ पुसून पाहिली. रुमाल ओला करायला बाटली काढली तर काकांनी हात धरला, "पानी नका लावू. मी सायबाले सांगतो."

तिथंच माझं भांडण संपलं. शेकडो वर्षं पायाखाली आलेल्या त्या दगडावर माझ्या हातून ओरखडा गेला होता. काकांना नाव आणि फोन नंबर लिहून दिला, ट्रायपॉड बाहेर त्यांच्या खुर्चीमागे ठेवला.

अकरा वाजायला आले होते. लग्नात कधी वापरतो ती युक्ती आठवली. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडचा स्क्रू बसतो, तिथं स्क्रूला दोरी बांधायची, दुसरं टोक चपलेखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. हात बराच स्थिर राहतो. इथं चप्पल बाहेर होती, तेव्हा अनवाणी अंगठ्याखाली दोरी धरली. आधी काकांना दाखवली. त्यांनी दोरी हातात घेऊन पाहिली आणि मान डोलावली. खांबाला मात्र टेकलो नाही.

किरण आले तेव्हा मंडपात एकदम शांत झालं. माझ्यापुढे एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन उभी होती, अगदी जिथं माझा ट्रायपॉड होता तिथंच. तो असता तर तिला तिथं उभं राहताच आलं नसतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ३२०० वर नेली, शटर एक तीसांश (१/३०) सेकंद ठेवलं आणि श्वास रोखून चाळीसेक फोटो काढले. पाच धड आले. दिनदर्शिकेत छापला त्यात किंचित दाणे दिसतात, पण मूर्ती स्पष्ट आहे.

घरी आल्यावर नियम शोधून वाचला. हे मंदिर ज्यांत येतं त्या राष्ट्रीय संरक्षित स्मारकांसाठी १९५९ चे नियम आहेत. कॅमेरा-स्टँड, स्टूल, खुर्ची, टेबल, चित्रकाराची घोडी यांतलं काहीही आत न्यायचं तर पुरातत्त्व अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. फ्लॅश सोडून दुसरा कृत्रिम उजेड वापरायलाही लागते. स्मारकावर पाणी-तेल लावायलासुद्धा! काकांनी माझा हात का धरला ते तेव्हा कळलं. २०१८ मध्ये अजिंठा, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली समाधी वगळून फोटोंना मोकळीक मिळाली, पण स्टँडचा नियम तसाच राहिला. आमच्या धंद्यातली बहुतेक पोरं या दोन गोष्टींची गल्लत करतात, आणि मग बोलणी पहारेकऱ्याला खावी लागतात. याचं मला फार वाईट वाटतं. सरोवरावर उतरायचं तर ते अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारावं लागतं. साध्या रस्त्यावर स्टँड लावला आणि वाट अडली तर नव्या न्याय संहितेच्या २८५ व्या कलमाखाली पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्याच आठवड्यात तिन्ही पायांना नवी बुचं बसवली. यंदा जानेवारीतच अर्ज पाठवला आहे. त्यात जागा, तारीख, किती वेळ, पायांखाली जाड रबरी चटई घालणार, आणि मागच्या वर्षीची ती रेघ, सगळं लिहिलं आहे. उत्तर यायचं आहे.